भागोजीच्या बटणाला कार्ड नव्हतं

आमची प्लाटून गंगाखेडजवळच्या गोदावरीच्या रेल्वेपुलावर पहाऱ्याला आली तेव्हा मोठ्या लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. फौज निजामाच्या रियासतीची. एकतीस माणसं, दोन हवालदार, वर एक जमादारसाहेब. मी लान्स नायक, नर्सिंग ऑर्डर्ली. सिकंदराबादेला नऊ महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेलं. उर्दू सातवी पास होतो म्हणून निवड झाली. वय एकवीस.

हे लिहितो आहे ते एका नोंदीसाठी. ती नोंद मी केली आणि ती खोटी आहे. तिच्यामुळे एका माणसाची नोकरी गेली आणि दुसरा चारचौघांत खोटा ठरला. जो मेला तो तिसराच. ते कागद आज कुठल्या दप्तरात आहेत, मला ठाऊक नाही. मी दोनदा अर्ज केले. उत्तर आलं की त्या फौजेचं दप्तर आमच्याकडे नाही. मग कोणाकडे आहे, हे लिहायची तसदी कोणी घेतली नाही. तिसरा अर्ज करण्याइतकं आयुष्य माझ्याकडे शिल्लक दिसत नाही.

पुलाच्या दोन्ही टोकांना चार-चार शिपाई, चार-चार तासांची पाळी. माझी एम. आय. रूम, प्लाटूनचा दवाखाना, म्हणजे गँगमनच्या खोलीशेजारचा एक तंबू. त्यात औषधांची लाकडी पेटी, एक स्टोव्ह, सुई उकळायचं भांडं आणि एक स्ट्रेचर, ज्याचं कापड मधोमध फाटलेलं होतं. स्ट्रेचर बदलून मिळावं असं मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं. पूल सोडेपर्यंत ते बदललं नाही.

पावसाळ्यात नदीकाठी हिवताप ठरलेला. त्यासाठी रोज संध्याकाळी १८०० वाजता क्विनाइन परेड. प्रत्येकाने पुढे यायचं, नंबर आणि नाव सांगायचं, माझ्यासमोर गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. मग मी रजिस्टरात खूण करायची. गिळल्यावर खूण, आधी नाही. आमच्या उस्तादांनी हा नियम छडीने शिकवला होता. मी तो पाळत असे आणि मला त्याचा ताठा होता.

"जीभ वर," मी म्हणायचो.

"नाईक, ही गोळी आमच्या मेंढराला दिली तर ते बी शिंगं मारंल," शिपाई भागोजी म्हणायचा. जिंतूरकडचा, मेंढपाळांच्या घरचा, सहा फूट उंच, हसरा. गोळी गालात लपवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"तुला शिंगं न्हाईत म्हून गप गिळतूस व्हय रं?" मागून धोंडिबा. तो भागोजीच्याच गावचा, चुलत्याचा मुलगा. दोघे एकाच दिवशी भरती झाले होते.

"तुज्या डोस्क्यात तर मेंढरू हाय. तू काय बोलतूस?"

"परेडमध्ये बोलायचं नाही," मी म्हणायचो. "भागोजी, गाल दाखव. दुसरा."

त्याच्या गालातून गोळी निघाली की सगळी लाईन हसायची. मीही हसायचो, पण दुसरी गोळी देऊन ती गिळवल्याशिवाय त्याला सोडत नसे. त्या पावसाळ्यात आमच्या प्लाटूनमध्ये तापाने एकही माणूस दगावला नाही. औषध कोणाला दिलं, किती दिलं, केव्हा दिलं, हे लिहिल्याशिवाय औषध दिलं असं म्हणायचंच नाही, हे मला इतकं पक्कं शिकवलेलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

आता मॉर्फियाबद्दल. फौजेबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. जबर जखमी माणसाला दुखणं थांबवायला मॉर्फियाची सुई देतात. पाव ग्रेन, जास्तीत जास्त अर्धा. ते फार कामाचं आणि फार घातकी औषध आहे. माणूस रक्त जाऊन गार पडला असेल तर सुई दिलेल्या जागीच औषध साचून राहतं, अंगात भिनत नाही. दुखणं तसंच राहतं. मग पुढच्या दवाखान्यात कोणी दुसरी सुई देतो. मग त्याला कांबळी पांघरतात, गरम बाटल्या लावतात, अंगात ऊब येते, आणि दोन्ही सुया एकदम भिनतात. श्वास मंदावतो आणि थांबतो. आफ्रिकेच्या आघाडीवरून परत आलेले आमचे उस्ताद म्हणत, "गोली दुश्मन की, मौत अपनी." म्हणून नियम तीन. जखमीच्या शर्टाच्या बटणाला फील्ड मेडिकल कार्ड बांधायचं आणि त्यावर औषध, मात्रा, वेळ लिहायची. कपाळावर कॉपिंग पेन्सिलीने इंग्रजी एम काढून खाली वेळ लिहायची. आणि सोबत जाणाऱ्या माणसाला तोंडी सांगून त्याच्याकडून परत वदवून घ्यायचं.

कार्डांचं पुस्तक येत असे. पान आडवं दोन भागांत. एक भाग फाडून जखमीला बांधायचा, दुसरा भाग म्हणजे काउंटरफॉइल आपल्याकडे ठेवायचा. आमच्याकडचं पुस्तक जुलैत संपलं. मी डेपोला इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, पाठवला. परत आला: फॉर्म जुना आहे. नव्या फॉर्मवर पाठवला. परत आला: जमादारांची सही काळ्या शाईत हवी, ही निळी आहे. काळ्या शाईत पाठवला. त्याला उत्तरच आलं नाही.

जमादारसाहेब वयस्कर, शांत माणूस. त्यांना मी ही कटकट सांगितली.

"सादे कागज पे लिखो," ते म्हणाले. "डोरी बांधो. काम चलाव."

"साहेब, साध्या कागदावर काम चालवलं तर डेपोवाले म्हणतील, यांना कार्डाची गरजच नाही. मग कार्ड कधीच येणार नाही."

"तो क्या करोगे?"

"काही नाही. कार्ड नाही तर नाही. एकदा अडलं की त्यांचे डोळे उघडतील."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "किसका अडेगा, नाईक?" एवढंच विचारलं आणि ते पुलाकडे गेले.

त्यांचा हुकूम नव्हता, सल्ला होता. मी तो मानला नाही. माझ्या खिशात चांगली ऐंशी पानांची वही होती. पेटीत सुतळी होती. तीन आठवडे मी एकाही माणसाला चिठ्ठी बांधली नाही, कारण मला डेपोला धडा शिकवायचा होता. किरकोळ जखमा होत्या, कोणाचं अडलं नाही. मला त्याचाही राग येत होता, की कोणाचं अडत कसं नाही.

ऑगस्टमधली ती सकाळ. रात्रभर पाऊस होता, उजाडल्यावरही थांबला नव्हता. नदी चढली होती. पुलाच्या पायाला आधार द्यायला वाळूच्या पोत्यांची एक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, सायडिंगला लावली होती. ती हाताने ढकलून पुलाच्या तोंडाशी आणायची होती. ०६३० वाजता बारा माणसं लागली. ०६४५ ला उतारावर वाघिणीचा ब्रेक सुटला. पुढे अडणीचा लाकडी ठोकळा घेऊन भागोजी उभा होता. त्याने ठोकळा टाकला. ठोकळा ओल्या रुळावरून सरकला. डावा पाय गुडघ्याखाली चाकात आला.

मी ०६५० ला पोचलो. मांडीला टूर्निकेचा पट्टा आवळला. रक्त थांबलं, पण बरंच गेलेलं होतं. त्याचे हात बर्फासारखे गार. दात वाजत होते. दोन जण हाताला लागले होते तेही शेजारी विव्हळत बसले होते.

"नाईक, पाय हाय का?" भागोजीने विचारलं.

"आहे."

"खोटं बोलू नगा."

"बोलू नको. पडून राहा."

धोंडिबाला मी गँगमनच्या घरून खाट आणायला पिटाळलं, कारण स्ट्रेचर फाटकं होतं. तो गेला तेव्हा मी मॉर्फियाची पाव ग्रेनची गोळी चमच्यात उकळलेल्या पाण्यात विरघळवली, सुईत ओढली, दंडात दिली. वेळ ०७१०. खिशातली पेन्सिल थुंकीने ओली करून त्याच्या कपाळावर एम काढला, खाली ०७१० लिहिलं. जांभळा रंग पावसाने थोडा पसरला, पण वाचता येत होता. नंतर धोंडिबा खाट घेऊन आला. त्याने सुई पाहिली नव्हती.

परभणीकडे जाणारी गाडी ०७३५ ला स्टेशनात थांबवून धरली होती. आम्ही सहा जणांनी खाट उचलून धावत नेली. गार्डच्या डब्यात खाट ठेवली. गार्ड घाई करत होता.

"जल्दी करो भई, लाईन खाली करनी है."

"धोंडिबा, तू सोबत जा," जमादारसाहेब म्हणाले. "नाईक, तुम ठहरो. दो आदमी और हैं."

मी धोंडिबाला सांगितलं, "टूर्निके अर्ध्या तासाने जरा सैल करायचा, परत आवळायचा. पाणी घोट घोट. पोचल्यावर थेट दवाखाना."

"व्हय."

एवढंच सांगितलं. सुईचं सांगितलं नाही. कपाळावर लिहिलं आहेच, असं मनात होतं. वही खिशात होती. शिट्टी झाली. हा सगळा वेळ मोजला तर पानभर चिठ्ठी लिहायला पुरेल इतका होता.

परभणीत काय झालं ते मला धोंडिबाकडून दुसऱ्या दिवशी कळलं, आणि उरलेलं चौकशीत ऐकलं. गाडी ०९१० ला पोचली. वाटेत डब्याच्या फटीतून पाऊस आत येत होता. भागोजी बडबडायला लागला तेव्हा धोंडिबाने आपल्या पटक्याच्या सोग्याने त्याचं तोंड, कपाळ कोरडं पुसलं आणि कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडून त्याचा मळवट भरला. खंडोबाची हळद. त्यांच्यात माणूस संकटात असला की असंच करतात. माझ्या आईनेही केलं असतं.

दवाखाना कुठला, त्याचं नाव लिहीत नाही. ०९३० ला तिथे पोचले. डॉक्टर होते, आणि दस्तगीर नावाचे कंपाउंडर. साधारण चाळिशीचे, चष्मा लावणारे. भागोजी अजून कण्हत होता. दस्तगीरने धोंडिबाला विचारलं, "रास्ते में कुछ दिये क्या इसकू?"

"पानी दिया," धोंडिबा म्हणाला. "च्या बी दिला स्टेशनावर. प्याला न्हाई."

"दवा?"

"दवा न्हाई."

डॉक्टरांनी अर्धा ग्रेन मॉर्फिया सांगितला. दस्तगीरने दिला. मग चार कांबळी, गरम पाण्याच्या बाटल्या. तासाभरात भागोजी शांत झाला. धोंडिबाला वाटलं, आता उतार पडला. १०५० ला श्वास मोजून घ्यावे इतके मंद झाले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या. ते ओरडले, "इसको पहले किसने सुई दी?" त्यांनी हातांनी छाती दाबून श्वास चालवायचा खूप प्रयत्न केला. ११४० ला तो गेला. बावीस वर्षांचा होता.

धोंडिबाने हे सगळं माझ्या तंबूत उभं राहून सांगितलं. मळवटाचं सांगितलं तेव्हा मी चमच्याकडे बघत होतो. मला त्याच क्षणी सगळं कळलं. त्याला कळलं नाही.

"नाईक, डाक्टर सुईचं इचारत व्हता. तुमी दिल्ती का?"

"दिली होती."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

मी म्हणालो, "कार्डावर लिहिलं होतं."

तोंडातून निघून गेलं. ठरवून बोललो नव्हतो. पण मागेही घेतलं नाही.

"कार्ड?" धोंडिबा म्हणाला. "कसलं कार्ड?"

भागोजी गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी डेपोचं पार्सल आलं. पन्नास कार्डांचं नवं पुस्तक. सोबत छापील चिठ्ठी, की विलंबाबद्दल क्षमस्व. ती मी फाडून नदीत टाकली. पुस्तकाचं पहिलं कार्ड फाडून स्टोव्हवर जाळलं. राहिलेल्या काउंटरफॉइलवर लिहिलं: शिपाई भागोजी, मॉर्फिया पाव ग्रेन, ०७१०, कार्ड बांधलं. खाली सही. ट्रीटमेंट रजिस्टरातही तसंच. मी कोणालाही विचारलं नाही. मला कोणी भाग पाडलं नाही.

आठ दिवसांनी चौकशी बसली. एक मेजरसाहेब, दोन अफसर, एक टेबल. माझी साक्ष पाच मिनिटांत झाली. काउंटरफॉइल दाखवलं. मेजरसाहेब म्हणाले, "रेकॉर्ड साफ है."

मग धोंडिबा.

"कार्ड था?"

"न्हाई साहेब. कार्ड न्हवतं."

"पढना आता है?"

"न्हाई साहेब."

"तो तेरे को क्या मालूम, क्या था क्या नहीं?"

नंतर बाहेर पायरीवर बसून धोंडिबा मला म्हणाला, "वाचता येत न्हाई नाईक, पर डोळं हायेत की मला." जमादारसाहेब बाजूलाच उभे होते. पार्सल कोणत्या दिवशी आलं ते त्यांना माहीत होतं. पोचपावतीवर सही त्यांचीच होती. साक्षीत त्यांना कोणी ते विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

दस्तगीरचा जबाब उर्दूत झाला. त्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली, की मी सोबतच्या माणसाला विचारलं होतं. मेजरसाहेबांनी विचारलं, "कार्ड देखा?" तो म्हणाला, "नहीं देखा हुजूर." हे खरं बोलणंच त्याला नडलं. निकाल असा झाला: फौजेकडून काम नियमाप्रमाणे झालं; दवाखान्याच्या कंपाउंडरने जखमीच्या अंगावरचं कार्ड न पाहता औषध दिलं. त्याला नोकरीवरून काढलं. सहा महिन्यांनी मला नायकाची फीत मिळाली.

त्यानंतर मी जिथे गेलो तिथे चिठ्ठ्यांचा पिच्छा पुरवला. कार्ड संपलं तर सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, तो नसेल तर कापडाची चिंधी. सुई देण्याआधी दुसऱ्या माणसाने मात्रा मोठ्याने वाचायची. पेटीतल्या मॉर्फियाच्या गोळ्या पाळी बदलताना दोघांनी मोजायच्या. नेणाऱ्या माणसाने निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय खाट हलवायची नाही. हवालदार मला 'चिठ्ठीनाईक' म्हणत. "चिठ्ठीनाईक, माझ्या बायकोला बी एक बांधा, काय सांगितलंय ते तिच्या ध्यानात राहत न्हाई." सगळे हसत. मी ओरडे. माझी बदली झाली की आठ दिवसांत सगळं बंद पडे. कागद नाही, वेळ नाही, आजवर काय झालंय का. हीच तीन उत्तरं. मला तेव्हा त्या माणसांचा फार संताप येई, आणि रात्री आठवे, की कागद असून न लिहिणारा मी होतो.

लढाई संपल्यावरच्या एका सुट्टीत मी जिंतूरच्या आठवडी बाजारात गेलो होतो. कापडाच्या दुकानांपलीकडे एक माणूस चटई टाकून सुरमा, मलम, पोटदुखीचं चूर्ण विकत बसला होता. त्याने मला आधी ओळखलं.

"आव नायकसाब. बैठो. चाय पीते?"

दस्तगीर. दाढी पांढरी झाली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. मी बसलो.

एक बाई चूर्ण घ्यायला आली. त्याने तिला विचारलं, पोर किती वर्षांचं, आणखी कुठलं औषध चालू आहे का, वैदूचं, देवऋषीचं, कोणाचंही. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

"आवो चाचा, दोनदा सांगितलं की!" बाई वैतागली. "तुमी औषध देयाले की लगीन जमवायले?"

"गुस्सा नक्को मां. तीन बार पूछताऊं मैं."

त्याने पुडीवर पेन्सिलीने सूर्य काढला, म्हणजे सकाळी एकदा. चंद्र काढला नाही, म्हणजे रात्री नाही. बाईकडून ते वदवून घेतलं. मगच पुडी हातात दिली. मी बघत राहिलो. आमच्या सगळ्या फौजेत इतक्या नीट औषध देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

चहा आला. तो खाली बघत म्हणाला, "मेरेच आंखों का कसूर था नायकसाब. तुम कार्ड बांधे थे, मेरेकू दिखना था. चार दिन कचरा छाना मैं, दवाखाने के पिछू. कपड़े, पट्टियां, सब देखा. नईं मिला."

मी कप खाली ठेवला.

"एक बात याद आती," तो म्हणाला. "सर कू मार है क्या देखने हल्दी पोंछा मैं. नीचे जामुनी दाग था. मैं समझा मार का है. उसपेच हात फिराया. सर कू मार होता तो सुई नईं देते, इसके लिए पूछा भी डाक्टरसाब कू. वो देखे, बोले मामूली है, दे दो."

तीन वर्षं मी मनातल्या मनात धोंडिबाच्या भंडाऱ्याला दोष देत आलो होतो. कार्ड नसलं तरी कपाळावरची खूण होती, ती त्याने पुसली, असं म्हणून झोप आणत होतो. खूण पुरती पुसलीच गेली नव्हती. दस्तगीरने तिच्यावर बोट फिरवलं होतं. डॉक्टरांनीही पाहिली होती. पण ती खूण फौजेची होती. मुलकी दवाखान्यात ती काय असते हे कोणी कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. अक्षर ठसठशीत असतं तरी त्यांना त्याचा अर्थ काय कळणार? नेणाऱ्याला सांगितलेलं एक वाक्य किंवा कोणत्याही भाषेतली एक चिठ्ठी, एवढंच त्या दिवशी कामाचं होतं. ते दोन्ही माझ्या हातात होतं.

मला फक्त "कार्ड नव्हतं" एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी म्हणालो, "निघतो. गाडीची वेळ झाली."

"खुदा हाफिज," तो म्हणाला. "दिल पे मत लो तुम."

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. आमची फौज मोडली. त्यानंतर मी जिंतूरच्या बाजारात दोनदा गेलो, या वेळी सांगायचंच म्हणून. त्याची जागा रिकामी होती. शेजारच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "त्या गडबडीत गेला कुठंतरी." कुठे, कसा, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही जोर करून विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

धोंडिबा मागल्या वर्षी वारला. लोक विचारतील, त्याच्या हयातीत का नाही लिहिलं? भंडाऱ्याचं ऐकून तो जन्मभर स्वतःला खाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे. ते खोटं आहे. मी भीत होतो. तो भेटला की एवढंच म्हणे, "कार्ड न्हवतं नाईक." आणि मी मान हलवत असे, जणू म्हातारा भ्रमिष्ट बोलतो आहे.

म्हणून आता साक्ष. शिपाई भागोजी याच्या अंगावर कार्ड नव्हतं. कार्डांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आलं. काउंटरफॉइल मी मागाहून लिहिलं. शिपाई धोंडिबा चौकशीत खरं बोलला. कंपाउंडर दस्तगीर यांनी विचारायचं ते सगळं विचारलं होतं. त्यांचा काही दोष नव्हता. भंडाऱ्याचाही नव्हता.

हे छापायला देण्याआधी मी भागोजीच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. येलदरीच्या धरणात त्यांचं जुनं गाव गेलं. आता माळावर नवी वस्ती आहे. म्हातारी दारात लोकर पिंजत बसली होती. मी सगळं वाचून दाखवलं. तिच्या नातवाने मध्येच रागाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिने हाताने थांबवलं. मी शेवटपर्यंत वाचलं. मग बराच वेळ ती लोकरीतले काटे वेचत राहिली. शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "दोन दोन सुया दिल्या म्हंता. मंग जाताना त्याला दुखलं का हो?"

"नाही बाई," मी म्हणालो. "त्या औषधाने दुखत नाही."

"लय सोसायचा न्हाई तो. लहानपणी काटा काढू द्यायचा न्हाई पायातला."

"काहीच दुखलं नसेल त्याला. झोपेत गेला."

तिने मान हलवली. "मंग एवढं तरी बरं झालं," म्हणाली, आणि नातवाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.